चोथा

सायकलचं कुलूप काढायला पेइ शौयी वाकला आणि त्याचा डावा पाय मऊ, ओल्या कशात तरी रुतला. कापडी बुटाच्या तळव्यातून ऊब वर आली. कुत्र्याचं काम असेल म्हणून त्यानं पाय उचलून पाहिलं, तर काढ्याचा चोथा. ताजा, अजून कोमट. भिंतीच्या कडेला, त्याच्या सायकलच्या मागच्या चाकाशी, कुणीतरी पसाभर ओतलेला. रानबोराच्या ठेचलेल्या तांबूस बिया, पाइनच्या मुळाशी धरते त्या पांढऱ्या बुरशीच्या फोडी, आणि शिजून फुगलेली युआनझीची मुळं. ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. ही तीन एकत्र दिसली की दुखणं कोणतं ते त्याच्या गावचं शेंबडं पोरही सांगेल: कुणाच्या तरी डोळ्याला डोळा लागत नाही, जीव थाऱ्यावर नाही आणि ठेवलेलं आठवत नाही. काढा पिऊन झाला की चोथा रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली तो तुडवला गेला की दुखणं ज्याच्या त्याच्या पायाला लागून थोडं थोडं वाहून जातं, हे सगळ्या थाययुआन शहराला ठाऊक आहे. पण त्यासाठी चव्हाटा असतो. सायकली लावायचा हा बोळ म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतल्या शेवटच्या इमारतीची पाठ. इथं येतं कोण? पेइनं बूट भिंतीला घासला आणि तो कामावर गेला.

आपल्याला राग आला नाही, हे त्याच्या दुपारी लक्षात आलं. तेही असंच, शेवयांच्या वाडग्यात व्हिनेगर ओतताना. यायला हवा होता. दुसऱ्या कुणाचा पाय पडला असता तर त्यानं वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी आई-बहीण उद्धारली असती. पेइला मात्र गेल्या काही काळात राग येत नसे, हसू येत नसे, भूक लागे पण जेवून तृप्ती होत नसे. दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल जसा आपलाच असून आपला राहत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. वसाहतीतले पाण्याचे मीटर वाचायचं त्याचं काम. घरोघरी जायचं, मोरीच्या कट्ट्याखाली वाकायचं, काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसायची, आकडा टिपायचा, बाहेर पडायचं. लोक काहीबाही बोलत, तो ‘हं’ म्हणे. त्याच्यासारखा शहाणा मीटरवाला मिळायचा नाही, असं लोक म्हणत. शहाणा कसला, माणूस घरी नव्हता एवढंच.

पण त्या दिवशी मोऱ्यांखाली वाकताना त्याच्या डोळ्यांपुढे आईचे तळहात येत राहिले. तिकडं दक्षिणेला, वनशीजवळच्या त्यांच्या गावात, वसंतात आणि पुन्हा पाला वाळला की डोंगरातून युआनझी खणून आणत. अंगणात मुळं पसरायची, अर्धी सुकू द्यायची, फार सुकली तर मोडतात, ओली राहिली तर साल सोडत नाहीत. मग गल्लीतल्या बायका फळ्या घेऊन बसायच्या आणि तळव्याखाली एकेक मूळ लाटायच्या, पुढे-मागे, पुढे-मागे, साल आतून सुटेपर्यंत. सुटली की टोकाशी नखानं धरून आतली काडी सर्रकन ओढायची. हातात राहायची ती नुसती पोकळ नळी. त्यांच्याकडे मुळाच्या त्या गाभ्याला काळीजच म्हणतात, माणसाच्या काळजाला जो शब्द तोच. त्यामुळे त्या बायकांच्या गप्पा बाहेरच्यानं ऐकल्या तर त्याला घाम फुटावा. “अगं, कितींची काळजं काढलीस सकाळपासून?” “तुझ्या नवऱ्याचं सोडून सगळ्यांची. त्याला होतंच कुठं!” हसून हसून घसा खवखवायचा, मुळांच्या धुळीनं शिंका यायच्या. काळीज राहिलं तर काढा पिणाऱ्याचा जीव उलट तळमळतो, असं आई म्हणायची, म्हणून निवांत झोपेचं औषध काळीज काढूनच विकायचं. हल्लीच्या दुकानांत कोण एवढा कुटाणा करतंय? बोळातल्या चोथ्यातली मुळं काळजासकट होती, हेही पेइनं तेवढ्या एका नजरेत पाहिलं होतं.

मुळांतली सगळ्यात बारीक असतात त्यांचं मात्र काळीज निघत नाही. ओढायला गेलं तर मूळच तुटतं. ती तशीच वेगळी बांधून विकायची, त्यांना म्हणायचं काटक्या. पेइचा मुलगा जन्मला तेव्हा आई गावाहून बोचकं घेऊन आली, दवाखान्यातल्या त्या लालभडक, लांबोडक्या जिवाकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “ही तर आपली काटकी. हिचं काळीज काढायची कुणाची टाप नाही.” झालं, तेच लाडाचं नाव पडलं. शाळेच्या दाखल्यावर पेइ युनशंग असं भारदस्त नाव होतं, पण ते दाखल्यापुरतंच. काटकी, जेवायला चल. काटकी, बूट बाहेर काढ. मिसरूड फुटल्यावर तो चिडायला लागला, मित्रांसमोर तरी तसं म्हणू नका म्हणायचा, आणि पेइची बायको सुमेइ मुद्दाम गॅलरीतून मोठ्यानं हाक मारायची. म्हणूनच तर दातोंगहून कार्यालयात फोन आला आणि पलीकडच्या माणसानं विचारलं, “पेइ युनशंगचे वडील का?” तेव्हा पेइच्या तोंडून निघून गेलं होतं की नाही, चुकीचा नंबर लागलाय. मग ते नाव हळूहळू ओळखीचं झालं.

मोटारदुरुस्ती शिकायला दातोंगला गेला होता पोरगा. वसतिगृहात गोंगाट होतो म्हणून एका मित्राबरोबर खोली घेतलेली, खोलीत कोळशाची शेगडी, शेगडीला धुराडं. मित्र त्या दिवशी घरी गेला होता. वारा उलटा फिरला, धुराड्यातून बाहेर जायचा तो वायू आत साचला, आणि थंडीचं दार-खिडकी गच्च लावून झोपलेला काटकी सकाळी उठला नाही. बस्स, एवढंच. कुणाची चूक नाही, कुणाशी भांडण नाही, मुस्काटात मारावी असा कुणी माणूस नाही. भेटायला आलेले सगळे एकच वाक्य बोलले, जणू खाली जिन्यात ठरवून आले होते: “झोपेतच गेला हो. त्याला कळलंसुद्धा नाही.” सुमेइ प्रत्येकाला मान हलवून हो म्हणाली. पेइनंही हलवली. मग सगळे गेल्यावर तो पलंगावर पडला आणि झोपला. मेल्यासारखा झोपला, म्हणजे अगदी हाच शब्द त्याच्या मनात आला होता. त्या दिवसापासून त्याची झोप तशीच राहिली. पाठ टेकली की विहिरीत दगड टाकावा तसा तो तळाला जाई. तिथं काही नसे, स्वप्नही नसे. पोराचा बाप असा ढाराढूर झोपतो याची त्याला सुरुवातीला लाज वाटली, मग तीही वाटेनाशी झाली. सुमेइचं कसं चाललंय हे त्यानं विचारलं नाही. तीही मुलाचं नाव काढत नसे. ती पाळणाघराच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तो उठायच्या आत निघून जायची. टेबलावर झाकलेली खिमट आणि उकडलेलं अंडं असायचं. संध्याकाळी दोघं टीव्हीकडे बघत जेवत. संसार चालू होता. बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर असतंच की.

चोथा दुसऱ्या दिवशी नव्हता, तिसऱ्या दिवशी पुन्हा होता. मग एक दिवसाआड येतच राहिला, आणि दर वेळी मागच्या चाकाशी. कुलूप त्या चाकाला, म्हणजे पाय पडायचाच. पेइनं सायकल बोळाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ लावली. दोन दिवसांनी चोथा टाकीजवळ. तेव्हा मात्र तो थोडा वेळ उभा राहिला. एकाच चाकाचा माग काढत कुणी चोथा टाकत असेल तर ते दुखणं रस्त्यावर टाकणं नव्हे, ते एका माणसाला नेमून देणं. लहानपणी गावात असा पाय पडला की आई म्हणायची, “पडू दे. आपल्या पायाला चाकं आहेत, जाईल वाटेत सांडून. त्या बिचाऱ्याचं तर हलकं होतंय.” पण तो गावचा रस्ता, हजार पाय. इथं एकच जोडी. कोण आहे हा माणूस, ज्याला आपली तळमळ दुसऱ्या कुणाला नाही, पेइ शौयीलाच द्यायची आहे? त्यानं आठवून पाहिलं. पाणी तोडलेली दोन-चार घरं होती. जिन्यात कोबी रचण्यावरून खालच्या मजल्यावरच्या बाईशी झालेली बाचाबाची होती. त्यांतल्या कुणाचा चेहरा आणून समोर उभा केला तरी राग येईना. नुसती खाज येत राहिली, बोटानं दाखवता न येणारी. पण खाज का होईना, आली म्हणायची.

मग तो शोधायला लागला. मीटर वाचायला जायचा ते मोरीखाली वाकण्याआधी चुलीकडे बघून घ्यायचा. झाकणं उचलायचा. कोपऱ्यातली बरणी नाकाशी धरायचा. असल्या गोष्टी वसाहतीत लपतात होय? फाटकावरचा त्साओ हा त्याच्या बरोबरीचा, दोघं एकाच वर्षी कारखान्यात लागलेले. त्यानं एक दिवस सायकल अडवली आणि जुनी ओळख असली की नावाआधी ‘लाओ’ लावतात तशी हाक मारली.

“काय लाओ पेइ, बायका तक्रार करतायत. मीटरवाला पातेल्यांची झाकणं काढून बघतो म्हणे. घरी वाढत नाहीत की काय?”

“वास शोधतोय.”

“कसला?”

पेइनं सांगितलं. इतकी वाक्यं सलग तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. त्साओनं टोपी मागे सारली.

“म्हणजे कुणीतरी आपलं जागरण तुझ्या गळ्यात मारतंय! मग? लागलं का?”

“काय?”

“अरे, जागरण.”

“नाही. मस्त झोप येते.”

“हात्तिच्या! मग त्या बिचाऱ्याचा एवढा उपद्व्याप फुकट चाललाय की.” त्साओ हसता हसता थांबला. पोराची गोष्ट त्याला आठवली असावी, कारण त्यानं उगाच फाटकाची कडी वर-खाली केली. “सुमेइवहिनी बऱ्या आहेत ना?” त्यानं विचारलं.

“बरी आहे,” पेइ म्हणाला, आणि पुढे गेल्यावर त्याच्या मनात आलं की हे आपण कशावरून म्हणालो. ती बरी आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं. काल तिनं कोणता स्वेटर घातला होता हेही त्याला सांगता आलं नसतं. चेहरा आठवायला गेला तर आठवला तो पारपत्रावरच्या फोटोसारखा, कागदावरचा, सरळ समोर बघणारा, जुना. हे वाईट आहे, असं त्यानं स्वतःला बजावलं. वाईट वाटलं मात्र नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते शेवटी छांग आजीच्या मोरीत उघडं पडलं. रविवार असून तो गेला होता, कारण आजीच्या घरचा मीटर उलटा फिरतो अशी तिची ओरड होती. छांग आजी त्यांच्याच जिन्यात खालच्या मजल्यावर राहायची. तोंडानं फटकळ, पण कुणाचं मूल तापलं की पहिली धावणारी. मोरीखाली पेइचं डोकं होतं आणि वरून तिचा आवाज येत होता. म्हाताऱ्याची छाती भरलीय, रात्रभर खोकतो, वैद्यानं काढा दिलाय. “तेव्हा आता काही झालं तरी ते मला लागणारच,” ती म्हणाली. “तुझ्या बायकोला बरं वाटतंय की नाही ते तरी सांग.”

“काय लागणार?”

“मडकं रे! काढ्याचं मडकं. गेल्या थंडीत नेलंय तिनं. मी मागितलं नाही, म्हटलं पोरगी पितेय तोवर पिऊ दे. आणि तिनं आणून द्यायचा प्रश्नच नाही. पण आता माझंच अडलंय.”

पेइ मोरीखालून बाहेर आला. त्याच्या कपाळाला जाळं लागलं होतं. “मी आणून देतो,” तो म्हणाला. हे तो सवयीनं म्हणाला, नळाची चकती आणून देतो म्हणावं तसं.

“थू थू थू!” म्हातारी दोन पावलं मागे सरकली. “जिभेला काही हाड? काढ्याचं मडकं कधी कुणी परत आणून देतं का? दुखणं घरपोच करायला निघालास! आईनं काही शिकवलं की नाही तुला? ज्याचं मडकं त्यानंच मागायला यायचं असतं. थांब, मीच येते. चपला घालू दे.”

ती पुढे आणि तो मागे असे दोघं जिना चढले. आईनं शिकवलं होतं. त्याच्या आईचं मडकंही गल्लीभर फिरायचं, कुणाच्या घरी सहा-सहा महिने राहायचं, आणि ते परत आणायला जायची वेळ आली की ती कण्हत म्हणायची, गेले बाई, आता आपली पाळी. सगळं माहीत होतं. ‘आणून देतो’ असं त्याच्या तोंडून गेलं ते त्याला काही कळत नव्हतं म्हणून नव्हे, त्याला काही लागत नव्हतं म्हणून. गेल्या थंडीपासून. म्हणजे सगळी थंडी, वसंत, उन्हाळा. आपल्याच घरात.

सुमेइ ओट्याशी उभी राहून मांजराचे कान करत होती, म्हणजे कणकेची चिमूट घेऊन अंगठ्यानं दाबून वळवायच्या त्या शेवया. दारात छांग आजी दिसली तसा तिचा अंगठा थांबला. आजीच्या मागे नवरा उभा आहे हेही तिनं पाहिलं. कुणी काही बोलायच्या आत तिनं हात धुतले, गॅलरीत गेली, आणि व्हिनेगरच्या मोठ्या बरणीमागून मडकं काढून आणलं. बुडाशी काळं, कडेला टवका उडालेलं.

“बरी झालीस ना गं आता?” आजीनं विचारलं.

“झाले.”

“तोंडावरून तर वाटत नाही. बरं, म्हातारा खोकतोय. नेते.” आणि मडकं पोटाशी धरून ती पेइच्या अंगावरून गेली. जाताना वास आला. लाकडी, किंचित आंबूस, घशात खवखवणारा. तो वास त्याला रोज सकाळी डोळे उघडताना यायचा. त्यानं कधी मान वर करून शोधला नाही, कारण त्याच वासात तो लहानाचा मोठा झाला होता. तो वास म्हणजे त्याच्या लेखी घरच. वसाहतीतल्या सगळ्या चुलींवरची झाकणं उचलून तो जे हुंगत होता ते रोज त्याच्या उशाशी उकळत होतं. जिन्यात आजीच्या चपलांचा आवाज खाली खाली गेला आणि मग दार लागलं.

“बोळात तूच टाकतेस,” पेइ म्हणाला.

“हो.”

“माझ्या चाकाशी.”

“तुझा पाय पडावा म्हणूनच.” तिनं कणकेची चिमूट घेतली, दाबली, ताटात टाकली. आवाजात लाज नव्हती, धारही नव्हती. “सायकल हलवलीस तेव्हा वाटलं, कळलं याला. पण तू तर टाकीजवळही तसाच पाय दिलास.”

पेइ स्टुलावर बसला. ती बारीक झाली होती. डोळ्यांखाली कातडी निळसर, जुन्या जखमेसारखी. मानेची शीर दिसत होती. हे कधी झालं? शत्रू म्हणून ज्याचा चेहरा तो दारोदार शोधत होता तो रोज त्याच्यासमोर बसून जेवत होता, आणि त्यानं बघितला नव्हता.

“माझी झोप जावी म्हणून?”

“हो.”

“इतका राग आहे तुला माझा? मी झोपतो म्हणून?”

सुमेइनं वळून पाहिलं. मग ती हसली, आणि ते हसू इतकं अनपेक्षित होतं की पेइ स्टुलावर मागे सरकला. “राग! अरे, राग यायला तेवढं अंगात त्राण हवं. राग होता, पहिल्यांदा होता. वाटायचं, हा दगड आहे की माणूस. उशी घालावी डोक्यात. मग एकदा तू थांबलास.”

“म्हणजे?”

“घोरत होतास, मोठमोठ्यानं, आणि मधेच थांबलास. घोरणं नाही, श्वास नाही, काहीच नाही. मी हलवलं, चिमटा काढला. मग एकदम बुडता माणूस वर यावा तसा आवाज काढलास आणि ‘हं’ म्हणून कुशीवर वळलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज होतं ते. तुला काय माहीत? झोपलेल्याला काय माहीत असतं?” तिचे हात आता थांबले होते. अंगठ्याला पीठ चिकटलं होतं, ते ती खरवडत होती. “सगळे येऊन सांगून गेले, झोपेत गेला, त्याला कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं हो, बरं झालं. पण मला तेच गिळता येत नाही रे. त्याला कळलं नाही, कारण दुसरं कुणी जागं नव्हतं. त्या खोलीत एक माणूस, कुणीही, एक माणूस जागा असता तर उठून त्यानं दार उघडलं असतं. एवढंच करायचं होतं. काटकी उठला असता. डोकं दुखतं म्हणाला असता. काटकी.”

ते नाव घरात पडलं. टीव्ही बंद होता, नळ बंद होता. पेइला वाटलं आता ती रडेल, पण ती रडली नाही, तिनं नुसतं पुन्हा एकदा ते हळूच म्हणून पाहिलं, जीभ वळते का बघावं तसं.

“म्हणून मी जागते,” ती म्हणाली. “तू झोपलास की तुझ्या नाकाशी हात धरून बसते. थांबलास की ढोसते. दिवसा पाळणाघरात चक्कर येऊन पडले तेव्हा त्यांनीच वैद्याकडे नेलं. काढा चांगला आहे, डोळे मिटायला लागतात. पण मिटून कसं चालेल? मी पिते आणि त्याच्याशी भांडत बसते. मग म्हटलं, माझं थोडं तुला लागू दे. पूर्ण नको. अर्धं. तुला अर्धी जाग आली तर तुझा श्वास तू सांभाळशील आणि मी घडीभर पडेन. दुसरं काही नव्हतं मनात, लाओ पेइ. मला तू पण तसाच जायला नको आहेस.”

पेइला सांगायचं होतं की मी झोपतो ते आराम म्हणून नव्हे. मी तिथं जातो, त्या तळाशी, कारण पोरगा शेवटी जिथं होता ती जागा तशीच असणार, अंधारी आणि उबदार. तिथं तो भेटत नाही, पण वर आल्यावर तर तो नसतोच नसतो. हे त्याला शब्दांत कधी दिसलं नव्हतं, आत्ता पहिल्यांदा दिसलं, आणि ते इतकं सरळ होतं की त्याला आश्चर्य वाटलं. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

“मडकं गेलं आता.”

“गेलं. दुसरं विकत आणलं तर घरात कायमचा आजार ठेवल्यासारखं होतं म्हणतात.”

“मग आता पड. आत्ता. मी बसतो.”

“तू? तू बसल्या बसल्या घोरायला लागशील.”

“दुपार आहे. मला दुपारी झोप येत नाही.”

“काम अर्धं पडलंय माझं.”

“मांजराच्या कानांना पाय नाहीत. पड.”

ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, सौदा खरा की खोटा हे पारखावं तसं. मग हात न धुताच आतल्या खोलीत गेली. दक्षिणेच्या खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली, मग वळून त्याच्याकडे तोंड करून पडली. पेइनं स्टूल ओढून घेतलं. “खरंच बसशील?” तिनं डोळे मिटून विचारलं. तो हो म्हणाला. “थांबलेय असं वाटलं तर ढोस. लाजू नकोस.” तो हो म्हणाला. अजून काहीतरी ती बोलणार होती, ओठ हलले, पण त्याआधीच ती गेली. इतक्या झटक्यात की वाक्याचा शेवट तिच्या तोंडावर तसाच राहिला.

पेइनं हात पुढे केला. कसा धरायचा हे त्याला कळेना. तळवा धरला तर काही जाणवेना, मग त्यानं बोटं उलटी केली, नखांकडची बाजू तिच्या नाकाखाली. आला. कोमट, अगदी पातळ. गेला. पुन्हा आला. बाहेर वसाहतीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं, त्या आवाजानं तिला जाग येईल म्हणून त्यानं खिडकीकडे रागानं पाहिलं. तिच्या गालावर पिठाचा ठिपका होता, कानाजवळचे केस पांढरे झाले होते. मनगट भरून आलं तरी त्यानं हात हलवला नाही. श्वास येत होता, जात होता, लांब लांब होत चालला होता. मग एक श्वास गेला आणि पुढचा आला नाही.

पेइनं वाट पाहिली. बोटांच्या मागे नुसती खोलीतली हवा होती. त्याच्या छातीत धाडकन काहीतरी आदळलं, कान वाजायला लागले. त्याला ढोसायचं होतं आणि हात उचलवेना, तोंड उघडून, डोळे ताणून, भेदरलेल्या पोरासारखा तो नुसता तिच्या ओठांकडे बघत राहिला.

आला. थोडा उशिरानं, पण आला.

पेइनं दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि तो पुढच्या श्वासाची वाट बघत बसला.